विचारातला ‘च’

दोनशे पानांची साधी वही आडवी धरायची आणि पट्टीने चार रकाने आखायचे. पहिल्यात काय घडलं, दुसऱ्यात त्या क्षणी मनात काय आलं, तिसऱ्यात काय वाटलं आणि किती. चौथा रिकामा ठेवायचा.

ही वही मी पहिल्यांदा आखली तेव्हा स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून खाली उतरून मला तीन वर्षं झाली होती. मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. वर्गात ऐंशी मुलांपुढे बोलताना मी कधी अडखळले नव्हते. पण त्या संध्याकाळी प्रास्ताविकाच्या चौथ्या-पाचव्या वाक्याला माझे शब्द गेले. कागद हातात होता, अक्षरं दिसत होती, पण वाचता येईना. ‘धन्यवाद’ म्हणून मी खाली बसले. त्यानंतर तीन वर्षं सूत्रसंचालन, आभार, पालकसभा असं माईकपुढे उभं राहून करायचं जे जे काम होतं ते मी टाळलं. प्रत्येक वेळी टाळल्यावर मोठा सुस्कारा सुटायचा, आणि तो सुस्कारा हेच टाळण्याचं बक्षीस होतं. बक्षीस मिळालं की मन तेच पुन्हा करतं. ‘मला जमणार नाही’ हा विचार खरा की खोटा, हे तपासायची संधीच त्याला मिळत नाही. तपासला न गेलेला विचार वर्षागणिक मुरत जातो.

शेवटी मी ज्या समुपदेशक बाईंकडे गेले, त्यांनी पहिल्या दिवशी वही कशी आखायची ते दाखवलं आणि एवढंच सांगितलं, “तीन आठवडे फक्त लिहा. काही बदलायला जाऊ नका.” मला हे विचित्र वाटलं. मी विचार घालवायला आले होते, आणि त्या मला तो रोज नीट उतरवून काढायला सांगत होत्या. त्यांच्या सांगण्यामागे काय होतं, ते पुढे उलगडत गेलं. या लेखात मला तेच क्रमाने मांडायचं आहे, कारण धीर धरा आणि प्रयत्न सोडू नका हा सल्ला सगळे देतात, पण धीर नेमका कशासाठी धरायचा आणि प्रयत्न कशाचा करायचा, हे फार कमी वेळा कोणी समजावून सांगतं.

आधी, विचार ढकलून का जात नाही ते पाहू. डॅनियल वेगनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना खोलीत बसवून मनात येईल ते बोलायला सांगितलं. अट एकच, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर समोरची घंटी वाजवायची. पाच मिनिटांत घंटी पुन्हा पुन्हा वाजत राहिली. त्याहून महत्त्वाचं पुढे घडलं. नंतर त्याच विद्यार्थ्यांना ‘आता खुशाल अस्वलाचा विचार करा’ म्हटल्यावर, ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा या दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. कारण समजायला सोपं आहे. एखादी गोष्ट मनात येत नाही ना, यावर पहारा ठेवायचा तर पहारेकऱ्याला ती गोष्ट सतत आठवणीत ठेवावी लागते.

मग उलटा विचार घोकायचा का? ‘मी उत्तम वक्ता आहे’ असं आरशापुढे रोज शंभरदा म्हणायचं? कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असंच एक वाक्य लोकांना मनाशी म्हणायला लावलं, ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं. ज्यांचं स्वतःविषयी आधीच बरं मत होतं त्यांना त्याने थोडं बरं वाटलं. ज्यांना त्या वाक्याची खरी गरज होती, त्यांना मात्र ते म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. ज्या वाक्यावर आपला विश्वास नाही ते उच्चारलं की मन लगेच त्याविरुद्धचे पुरावे गोळा करू लागतं. सकारात्मक विचारांची पुस्तकं वाचून अधिकच खचलेली माणसं मी पाहिली आहेत. दोष त्यांच्या इच्छाशक्तीचा नव्हता.

म्हणून लिहायचं. लिहिताना विचार दाबलाही जात नाही आणि सजवलाही जात नाही, तो फक्त समोर येतो. पण नीट लिहिणं शिकावं लागतं, आणि इथे मराठी माणसाला एक खास अडचण येते. आपलं ‘वाटणं’ हे क्रियापद दोन्हीकडे चालतं. भीती वाटते, आणि ‘लोक हसतील असं वाटतं’. पहिली भावना आहे, दुसरा विचार आहे, पण जिभेवर दोन्ही एकच. माझ्या वहीची पहिली दहा पानं या गोंधळानेच भरली होती. तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘मी निरुपयोगी आहे असं वाटलं.’ बाईंनी त्याखाली रेघ ओढली. “ही भावना नाही. भावनेचं नाव सांगा.” लाज, असं मी म्हटलं. “किती? शंभरात?” ऐंशी. मग माझं वाक्य दुसऱ्या रकान्यात गेलं आणि तिसऱ्यात राहिलं, ‘लाज, ८०’. तेव्हापासून माझी खूण अशी: ‘वाटलं’च्या आधी एकच शब्द, भावनेचं नाव, बसत असेल तर तिसरा रकाना, ‘असं वाटलं’ म्हणून पूर्ण वाक्य सांगावं लागत असेल तर दुसरा. ही फोड बारीक दिसते, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे, कारण भावनेशी वाद घालता येत नाही. लाज वाटली तर वाटली. पडताळता येतं ते वाक्य.

पहिल्या रकान्यातही शिस्त लागते. तिथे कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच लिहायचं. ‘प्राचार्यांनी माझा अपमान केला’ हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ‘प्राचार्यांनी आभाराचं काम माझ्याऐवजी दुसऱ्या शिक्षकांना दिलं’ हे दिसतं. अपमान हा दुसऱ्या रकान्यातला माल आहे.

हे रकाने मुळात कुठून आले ते सांगायला हवं. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) यांनी १९५५च्या सुमाराला मनोविश्लेषणाची जुनी वाट सोडली आणि एक साधं सूत्र मांडलं: घटना भावना घडवत नाही, घटनेविषयी आपण मनाशी जे म्हणतो ते घडवतं. हा विचार ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्याकडून घेतल्याचं ते मोकळेपणाने सांगत. जवळपास त्याच काळात फिलाडेल्फियाचे एरन बेक (१९२१-२०२१) नैराश्याच्या रुग्णांवर काम करताना वेगळ्या वाटेने तिथेच पोचले. त्यांना दिसलं की रुग्ण जे बोलतो त्याच्या आड एक दुसरा धावता प्रवाह असतो: स्वतःविषयी, जगाविषयी आणि पुढच्या दिवसांविषयीचे झटपट निवाडे. ते इतके सवयीचे झालेले असतात की रुग्णाला ते निवाडे वाटतच नाहीत, वस्तुस्थिती वाटते. ते पकडायचे कसे, यासाठी रकान्यांची नोंद. मराठीत ही पद्धत आणण्यात मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता, आणि एलिस यांच्या पद्धतीसाठी ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ हा शब्द आपल्याकडे रुळला. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरीही अनेकांनी वाचली असेल. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थमधूनही हा विवेकाचा धागा सामान्य घरांपर्यंत पोचला.

एलिस यांचं निदान असं की माणसाला खाली खेचतात त्या त्याच्या इच्छा नव्हेत, हट्ट. भाषण चांगलं व्हावं ही इच्छा. ती असावीच. पण भाषण चांगलं झालंच पाहिजे, लोकांनी मला मान दिलाच पाहिजे, मला अस्वस्थ वाटताच कामा नये, हे हट्ट. इच्छा मोडली तर वाईट वाटतं आणि माणूस पुन्हा प्रयत्नाला लागतो. हट्ट मोडला तर माणूस स्वतःच मोडतो. मी माझी वही घेऊन बसले आणि मला दिसलं की मराठीत हा हट्ट शोधायला फार लांब जावं लागत नाही. तो एका अक्षरात बसलेला असतो. ‘मला जमणारच नाही.’ ‘सगळे हसणारच.’ ‘मी आहेच अशी.’ एका संध्याकाळी तांबडं पेन घेऊन मी तीन आठवड्यांच्या नोंदींतल्या अशा प्रत्येक ‘च’भोवती गोल काढला. एकवीस पानांत चौसष्ट गोल झाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी ज्याला माझा स्वभाव समजत होते ती बऱ्याच अंशी माझी वाक्यरचना होती.

सगळेच ‘च’ वाईट नसतात, हे इथेच सांगते. ‘तूच ये’ यात प्रेम आहे. शोधायचा तो ज्याने दार बंद होतं तो. त्याचे भाऊबंदही असतात: ‘नेहमी’, ‘कधीही नाही’, ‘सगळे’, ‘कोणीच नाही’.

आता चौथा रकाना. तिसऱ्या आठवड्यानंतर तो भरायला सुरुवात झाली. तिथे दुसऱ्या रकान्यातल्या वाक्याला प्रश्न विचारायचे. हे कशावरून? सगळे हसले, तर नावं सांग कोण कोण हसलं. (मी खूप आठवलं. मागच्या रांगेतली दोन मुलं हसली होती, आणि ती माझ्या आधीपासून हसत होती.) समजा खरंच हसले, तर त्यानंतर काय झालं? हे वाक्य मनात धरून माझं आजवर काय भलं झालं? आणि माझ्या जागी माझी मैत्रीण असती तर मी तिला काय म्हटलं असतं? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत उपयोगी पडला. आपण स्वतःशी ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत शत्रूशीही बोलत नाही. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी मनाचे श्लोक पाठ केले आहेत. त्या २०५ श्लोकांत रामदास मनाची कानउघाडणी करतात, पण हाक मारतात ती सज्जन म्हणून. हे मला वही लिहायला लागल्यावर जाणवलं.

चौथ्या रकान्यात जे वाक्य उतरतं ते गोड असायला नको, खरं असायला हवं. ‘मी छान बोलते’ असं नाही, तर ‘एकदा माझे शब्द गेले, ते वाईट झालं, वर्गात मी अकरा वर्षं बोलते आहे, व्यासपीठावर पुन्हा अडखळेन किंवा नाही हे मला माहीत नाही.’ या वाक्यात भीतीला जागा आहे. एलिस काळजी आणि भय यांत फरक करत, तसाच दुःख आणि नैराश्य यांत. काळजी माणसाला तयारीला लावते, भय पळायला लावतं. भीती शून्यावर आणायची हे उद्दिष्ट कधी नव्हतंच. ऐंशीची पन्नास झाली की पाय हलू लागतात, तेवढं पुरतं.

आणि तरीही दीड महिन्यानंतर मी बाईंना म्हटलं, “मला सगळं पटतं. वहीत मी जिंकते. पण माईक दिसला की पोटात गोळा येतो तो येतोच.” त्या म्हणाल्या, “कळतं पण वळत नाही, हेच ना? आता वळण्याच्या कामाला लागू.”

धीर आणि चिकाटी यांचं खरं काम इथून पुढे सुरू होतं. कळणं वाक्यांनी होतं. वळणं अनुभवाने होतं, आणि तेही पुष्कळ अनुभवांनी. एलिस यांनी ही गोष्ट उपचारपद्धती शोधण्याच्या किती तरी आधी स्वतःवर करून पाहिली होती. त्यांच्याच सांगण्यानुसार, एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची विलक्षण भीती होती. त्यांनी ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी स्त्री दिसेल तिच्याशी बोलायचं ठरवलं. जवळपास शंभर जणींशी ते बोलले. पुन्हा भेटायचं एकीने कबूल केलं, आणि ती आली नाही. हिशेबाने पाहिलं तर ही शंभर टक्के हार. पण भीती गेली, कारण भीतीने जे भाकीत केलं होतं त्यातलं काहीच घडलं नाही. कोणी ओरडलं नाही, कोणी पोलिसांना बोलावलं नाही. चारचौघांत भाषण करण्याची भीतीही त्यांनी अशीच, भाषणं करत राहून घालवली.

माझ्यासाठी पायऱ्या आखल्या गेल्या. सर्वांत खालची: शिक्षकखोलीत मासिक सभेच्या वेळी उभं राहून एक सूचना वाचणं. त्यावर: सकाळच्या प्रार्थनेनंतर माईकवर दिनविशेष सांगणं, दोन मिनिटं. त्यावर पालकसभा. त्यावर गावच्या वाचनालयात वीस मिनिटांचं व्याख्यान. सर्वांत वर स्नेहसंमेलन. प्रत्येक पायरीआधी वहीत भाकीत लिहायचं, आकड्यासकट, आणि झाल्यावर शेजारी प्रत्यक्ष काय झालं ते. भाकीत आधी लिहिणं अत्यावश्यक आहे. नंतर लिहिलं तर मन लबाडी करतं. ‘मला माहीतच होतं काही होणार नाही’ म्हणतं आणि अनुभव वाया जातो.

दिनविशेषाच्या पायरीवर मी दोन महिने होते. आठवड्यातून तीनदा. पहिल्या दिवशीचं भाकीत, ‘आवाज जाईल, ९०, मुलं हसतील, ८०’. प्रत्यक्ष: आवाज कापला, गेला नाही, मुलं पायांनी माती उकरत होती. सहाव्या-सातव्या वेळेपर्यंत आकडे फारसे हलले नाहीत. अशा वेळी बहुतेक जण सोडून देतात, मीही सोडणार होते. बाईंनी तेव्हा एक निराळी गोष्ट विचारली: “बोलताना तुम्ही सुरक्षित राहण्यासाठी काय काय करता?” मी यादी केली. कागद दोन्ही हातांनी घट्ट धरते, भरभर वाचते, मान वर करत नाही. “मग मनाला असं वाटत राहणार की कागदामुळे वाचलो, घाईमुळे वाचलो. तुमच्यामुळे वाचलात हे त्याला कळणार कसं?” मग एकेक कुबडी सोडायची ठरली. एक दिवस मान वर. एक दिवस सावकाश. आणि एक दिवस मुद्दाम वाक्याच्या मध्ये थांबून मनात पाच अंक मोजायचे, म्हणजे ज्या गोष्टीची मला तीन वर्षं भीती होती तीच हाताने घडवून आणायची. त्या सकाळी मी थांबले. पाच अंक मोजले. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने मान वर करून पाहिलं. मी पुढचं वाक्य बोलले. वहीत त्या दिवशीची भीती ७० वरून ३५ वर आलेली आहे, आणि त्याखाली मी तीन वेळा रेघ ओढली आहे.

करून पाहण्यात एवढी ताकद का, यावर १९९६ साली सिअ‍ॅटलमधल्या नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास बोलका आहे. नैराश्याच्या रुग्णांपैकी काहींना बेक यांचा पूर्ण उपचार दिला, काहींना त्यातला फक्त कृतीचा भाग: दिवस आखणं, टाळलेली कामं छोट्या तुकड्यांनी हाती घेणं. विचारांशी वाद नाही. दोन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखी निघाली. मी यावरून वही निरुपयोगी ठरवत नाही. वहीशिवाय मी पहिली पायरी चढले नसते. पण मनःस्थिती सुधारली की कामाला लागू असं म्हणणाऱ्याने क्रम उलटा लावलेला असतो, हे मला या अभ्यासावरून पटलं. ज्या दिवशी मन खोल गेलेलं असतं त्या दिवशी वाद घालायला बसू नये. भांडी घासावीत, चालून यावं, एक फोन करावा, मग वही.

आता, एवढा वेळ का लागतो? पावलोव्हच्या कुत्र्यांची गोष्ट आपण शाळेत अर्धीच शिकतो. ठरावीक आवाजानंतर अन्न मिळतं हे शिकलेल्या कुत्र्याला नंतर नुसता आवाज ऐकवत राहिलं, अन्न दिलं नाही, तर हळूहळू त्याची लाळ थांबते. जुनं शिकणं पुसलं गेलं असं वाटतं. पण काही वेळ जाऊ दिला आणि पुन्हा आवाज केला की लाळ परत येते. म्हणजे जुनं पुसलं गेलेलं नसतंच. त्याच्या शेजारी नवं शिकलेलं असतं, आणि प्रसंगी कोण पुढे येईल याची दोघांत स्पर्धा असते. व्हरमाँट विद्यापीठातल्या मार्क बाउटन यांनी पुढे अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवलं की जागा बदलली तरी जुनं परत डोकं वर काढतं. नवं शिकणं ज्या जागी झालं त्या जागेला ते बिलगून असतं. शेतातल्या हरळीसारखं आहे हे. एकदा उपटून ती जात नाही, मातीत राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटते. म्हणून शेतकरी स्वतःला दोष देत बसत नाही. नांगरटीनंतर काशा वेचतो, पुढच्या हंगामात पुन्हा वेचतो.

हे मला आधी माहीत असतं तर आठव्या महिन्यात मी एवढी कोसळले नसते. जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षण होतं. अनोळखी सभागृह, अनोळखी माणसं, आदल्या रात्री झोप नाही. गटाचं सादरीकरण माझ्याकडे आलं आणि तो जुना गोळा पोटात तसाच्या तसा उठला. मी शेजारच्या बाईंकडे कागद दिला. परतताना एसटीत वही काढून लिहिलं, ‘सगळं वायाच गेलं.’ मग त्या ‘च’कडे पाहत राहिले. तांबडं पेन पर्समध्ये होतं. गोल काढला. पुढच्या भेटीत बाई म्हणाल्या, “तुम्ही आपल्या गावच्या मैदानात धीट झालात. आता जागा बदलून सराव करायचा राहिला आहे, एवढंच.” त्यानंतर मी मुद्दाम निरनिराळ्या ठिकाणी बोलायला लागले: बचत गटात, नात्यातल्या साठीशांतीला, शेजारच्या शाळेत.

एकवीस दिवसांत सवय बदलते असं जे सर्रास सांगितलं जातं, त्याने फार लोकांचं नुकसान केलं आहे असं माझं मत आहे. या आकड्याचा माग काढला तर मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकापर्यंत जाता येतं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान एकवीस दिवस जातात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘निदान’ गळलं आणि आकडा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ स्वयंसेवकांना रोज एकच साधी गोष्ट करायला लावून बारा आठवडे मोजमाप केलं. वागणं आपोआप होऊ लागायला लागलेला काळ मध्यावर ६६ दिवसांचा निघाला. कोणाला १८, तर कोणाच्या बाबतीत हिशेबाने २५४. आणि ही सवय होती जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखी, भीतीशी झुंजण्याची नव्हे. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला तर एकूण प्रगतीत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. बाविसाव्या दिवशी ‘माझ्यात बदल नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे’ असं म्हणून वही मिटणाऱ्याला कोणीतरी हे सांगायला हवं.

चिकाटी चुकीच्या जागीही खर्च होते, तीही एक गोष्ट सांगायला हवी. त्याच त्या प्रसंगाभोवती रात्र रात्र फिरत राहणं हे बाहेरून चिंतनासारखं दिसतं. येल विद्यापीठातल्या सुझन नोलन-होक्सेमा यांनी या रवंथाचा आयुष्यभर अभ्यास केला. त्या स्टॅनफर्डला असताना, १७ ऑक्टोबर १९८९ला कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. त्याच्या अवघे दोन आठवडे आधी त्यांनी योगायोगाने तिथल्या विद्यार्थ्यांची मनोवृत्ती मोजून ठेवली होती. भूकंपानंतर पाहिलं तर आधीपासून ज्यांना रवंथ करायची सवय होती त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त दिसली, सात आठवड्यांनंतरही. मला यावर उपयोगी पडलेला उपाय म्हणजे काळजीची वेळ ठरवणं. संध्याकाळी सहा ते सव्वासहा, गच्चीवर. दिवसा विचार आला की त्याला ‘सहाला ये’ म्हणायचं. सहाला तो आला तर लिहायचा, आणि त्यातून उद्या करण्याजोगं एक काम निघतं का ते पाहायचं. निघालं तर तो प्रश्न होता. नाही निघालं तर तो रवंथ होता.

वहीचं काम कुठे थांबतं हेही नीट सांगते. घरात मारहाण होत असेल, पगार थकला असेल, कर्ज डोक्यावर असेल, तर ‘माझी परिस्थिती वाईट आहे’ हा नकारात्मक विचार नव्हे, ते वास्तव आहे. त्यावर मदत आणि हक्क मागायला हवेत. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवसभर मन उदास राहत असेल, कशातही रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर डॉक्टरांकडे जायला हवं. थायरॉइडच्या कमतरतेसारख्या शरीराच्या तक्रारीही अशा दिसू शकतात. जगणं नकोसं होत असेल तर क्षणाचाही उशीर नको. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मदत मागितली म्हणजे चिकाटी संपली असं मानणाऱ्या घरात मी वाढले. ते चूक होतं.

माझी आता चौथी वही चालू आहे. रोज लिहीत नाही. मन जड झालं की लिहिते. या वर्षी स्नेहसंमेलनाचं प्रास्ताविक मी मागून घेतलं. त्या दिवशीचं पान असं आहे. पहिला रकाना: सायंकाळी सहा, व्यासपीठ, सुमारे चारशे लोक. दुसरा: ‘पुन्हा शब्द जातील.’ तिसरा: भीती, ६५. चौथ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलेलं आहे: ‘हात कापले. नद्यांच्या नावांपाशी एक वाक्य विसरले, थांबले, पाणी प्यायले, कागदात पाहिलं, पुढे गेले. साडेसहा मिनिटं बोलले. उतरल्यावर भीती २०. नंतर मुलांबरोबर वडापाव खाल्ला.’